पुलाजवळची पाच माणसं

१

मालगाडीचा नवा डबा खोक्यातून निघाला की चकचकीत असायचा, आणि ती चकाकी घालवणं हे आशाचं काम होतं. आधी गेरूचा हात, त्यावर ओल्या मिठाचे दाणे टेकवायचे, वर डब्याचा खरा रंग. वाळला की मीठ नखानं खरवडायचं. मीठ निघे तिथून खालचा गेरू डोकावे, अगदी गंजानं खाल्ल्यासारखा. मग काजळीचं बोट, शेवटी कोऱ्या चहाचं पाणी. तळहाताएवढा डबा तासाभरात वीस पावसाळे उघड्यावर काढल्यासारखा दिसू लागे.

“नवी गाडी खोटी वाटते,” खानापुरे साहेब म्हणायचे. “थकव तिला जरा.”

साहेबांनी जन्मभर रुळांच्या कामाचे ठेके घेतले. सत्तरी उलटल्यावर, देवळाली कॅम्पातल्या बंगल्याच्या मागच्या खोलीत, त्यांनी तेच रूळ बोटाएवढे करून मांडले होते. चारी भिंतींना लागून कमरेइतकं उंच टेबल, त्यावर डोंगर, ओहोळ, बाजरीची शेतं, एक बोगदा, एक दगडी पूल आणि पिंपळटेक नावाचं आडवाटेचं स्टेशन. मधे मोकळी जागा. तिथे साहेबांची फिरती खुर्ची आणि गाडी चालवायची पेटी. आत जायला दारापाशी टेबलाची एक फळी उचलावी लागे.

आशा पेठकडची. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली, पुढे नाशिकला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करत होती. साहेबांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या सलिमाभाभीनं तिला इथे आणलं. नवरा मयूर विंचूरला बाटल्या भरण्याच्या कारखान्यात, शनिवारी घरी यायचा. चार वर्षांच्या पल्लवीला ठेवायला दुसरं कोणी नाही, म्हणून ती दाराशी पोत्यावर बसून खेळायची. इथे सगळंच बारीक. चाकं, खिळे, खडी. आशाचा जीव सारखा टांगणीला. दर थोड्या वेळानं हातातला कुंचला थांबायचा.

“पल्लू, आ कर.”

पोरगी सवयीनं आ करायची. तोंडात काही नसे. आशा पुन्हा कामाला लागायची.

तोफांचा सराव सुरू असला की लांबून धप्प धप्प आवाज येई, काचा थरथरत, आणि टेबलावरची झाडं हलत. पहिल्या दिवशी आशा दचकली होती. आता तिला त्याची सवय झाली होती.

२

साहेबांच्या मुलानं, अश्विननं, परदेशातून इंजिनं पाठवली होती, आणि सोबत एक डबीभर माणसं. बोटाच्या पेराएवढी, टोप्या-कोटातली.

“ही नकोत,” साहेब म्हणाले. “पुलाजवळ रूळ दुरुस्त करणारी आपली गँग हवी. धोतर, बंडी, डोक्याला टॉवेल. पाच माणसं कर. पाचही रुळावर वाकलेली.”

“आणि झेंडीवाला, साहेब? गँग काम करताना लाल झेंडी घेऊन एक जण लांब उभा असतो ना?”

“इथे नव्हता,” साहेब म्हणाले. मग चष्मा पुसत, “म्हणजे, इथे नको.”

आशा मान खाली घालून बाहेर आली. झेंडीवाला हा शब्द तिला लहानपणापासून खुपत होता.

तिचा बाप, मंगळू, ती आठ वर्षांची असताना मनमाडच्या अंगाला रुळावर गेला. गावातले पाच जण एका ठेकेदाराकडे कामाला गेले होते, पाचही कापडात गुंडाळून परत आले. सोबत कागद आला. चौघं काम करत होते, आणि झेंडी घेऊन उभा राहायचा तो मंगळू दारू पिऊन झोपला, असं त्या कागदात लिहिलं होतं. ज्या माणसानं लग्नातसुद्धा कधी घोट घेतला नाही, त्याच्या नावावर चार मढी पडली. गावानं चौघांचे चिरे, मेलेल्यांच्या नावाचे ते दगड, देवाच्या रांगेत बसवले. मंगळूच्या चिऱ्याला जागा दिली नाही. मेल्या जागेची माती आणून तिचा माणूस करून चिऱ्याखाली बसवायचा, ही त्यांच्याकडची रीत. पण माती आणायला कोणी बरोबर गेलं नाही, आणि आईला जागा पुन्हा सापडली नसती. अठरा वर्षं झाली. गेल्या होळीला पल्लवी फेर धरायला गेली, तर एका बाईनं तिचा हात सोडवला. “दारुड्याची नात हाय ती.” पोरीनं घरी येऊन विचारलं होतं, आई, दारुडा म्हणजे काय.

साहेबांच्या ड्रायव्हरनं खास पिंपळटेकहून दोन गोण्या माती आणली होती, टेबलावर अंथरायला. रंग तांबूस, जरा खारट वासाची. आशानं शाडूत तीच मिसळली, तारेवर चढवली, आणि पाच माणसं केली. चौघांच्या हातात फावडी, पाचव्याच्या हातात पहार. एवढ्याशा माणसाला चेहरा देता येत नाही. तिनं दिला नाही. चांगलं घट्ट चिकटवून टाकलं पाचही जणांना.

३

सोमवारी सकाळी पहारवाला ताठ उभा होता.

आशानं दोनदा पाहिलं. चौघं वाकलेले, आणि कडेचा पाचवा कमरेवर हात ठेवून सरळ झालेला, काम करताना कोणी पाठ मोकळी करावी तसा. तार ओली असताना वाकवली होती, वाळताना ताणली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. बोटानं त्याला पुन्हा वाकवलं. तो वाकला. मऊ वाटला. आठवडा झाला होता वाळायला घालून.

मंगळवारी तो पुन्हा उभा होता, आणि रुळाकडे पाठ करून.

“पल्लू, तू हात लावलास?”

“नाई.”

“खरं सांग. साहेब हाकलून देतील आपल्याला.”

पल्लवीचा चेहरा रडवेला झाला. सलिमाभाभी कोथिंबीर निवडत दारात आली. “पोरीला कशाला दटावतेस? तिचा हात पोहोचतो का तिथपर्यंत? तोफांनी हललं असेल. काल माझी बरणी फुटली फडताळावरून.”

“तोफांनी माणूस वळतो का, भाभी?”

“माझा नवरा वळायचा,” सलिमा म्हणाली. “फक्त तोफेनंच.”

आशा हसली. तोफांनीच झालं असणार. बुधवारी ती घरून दोरा घेऊन आली. संध्याकाळी खोलीला कुलूप लावून घेतल्यावर कडीला दोऱ्याची गाठ मारली, आणि गुरुवारी गाठ तशीच पाहून कुलूप उघडलं.

पहारवाला जागेवर नव्हता. चौघांच्या ओळीत त्याच्या पायांचे दोन ठसे होते, वाळलेल्या डिंकासारखे पांढरे. तो चार बोटं पुढे, भरावाच्या कडेला जाऊन उभा होता, गँगपासून लांब. हातात पहार नव्हती. उजवा हात वर, पंजा उघडा.

बुधवारपासून कॅम्पात सुट्टी होती. एकही तोफ वाजली नव्हती.

४

आईला फोटो पाठवावा असं तिला का वाटलं, हे तिला सांगता आलं नसतं. सावित्रीबाईंना व्हिडिओ कॉल लावता येत नव्हता, पण शेजारची पोरगी फोटो उघडून द्यायची. आशानं पूल, वाकडा कडुनिंब आणि ती पाच माणसं, एवढा फोटो पाठवला. ते झाड साहेबांनी तीनदा मोडायला लावून पुन्हा करून घेतलं होतं. एकाच बुंध्यातून दोन फांद्या, त्यातली एक जमिनीला टेकलेली.

दहा मिनिटांत फोन आला.

“हे झाड कुठं पाह्यलंस तू?”

“साहेबांनी सांगितलं तसं केलं. का गं?”

“त्याच फांदीखाली निजवलं व्हतं पाच जणांना. मी फांदीला धरून उभी व्हते. आशे, माती कुठली हाय ती?”

“तिथलीच. ड्रायव्हरनं आणलीय.”

“आन् माणसं?”

“मातीचीच.”

“तोंड दिलंस का?”

“एवढ्याशाला कसं देणार, आई?”

“मग ज्याला यायचं त्यो आला आसंल,” सावित्रीबाई हळूच म्हणाल्या. “मोडू नको. इचार त्याला काय पायजे.”

फोन ठेवल्यावर आशा भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात ते लख्ख झालं. सगळं गाव म्हणत होतं चौघं वाकलेले आणि एक झेंडीवाला. कागदातही तेच. आणि साहेब म्हणाले होते, पाचही रुळावर वाकलेली. इथे नव्हता.

जो त्या दिवशी तिथे हजर होता, त्या ठेकेदारालाच हे ठाऊक असणार.

५

चार वाजता साहेब गाडी चालवत. आशा फळीबाहेर उभी राहून लाल फडक्यानं हात पुसत होती. गेरू पुसून पुसून तो परकराचा तुकडा आणखीच लाल झाला होता.

“साहेब, या पुलावर अपघात झाला होता ना?”

साहेबांचं बोट पेटीच्या बटणावर थांबलं. “कोण बोललं?”

“मनमाडकडची माणसं बोलतात. पाच जण गेले म्हणे.”

“जुनी गोष्ट.” गाडी सुरू झाली, बोगद्यात शिरली, बाहेर आली. “झेंडीवाला पिऊन पडला होता. काय तरी नाव होतं त्याचं. मंगळू.”

“खरंच प्यायला होता?”

“ही डोंगरातली माणसं सगळीच पितात.” साहेब हसले, वाईट हेतूनं नव्हे, घरच्यासारखे. “आणि कागदावर लिहिलंय ना. कागदावर असतं तेच खरं. तू कुठली गं? पेठची ना? मग तुला माहीतच असेल.”

“हो,” आशा म्हणाली. “मला माहीत आहे.”

तिला वाटलं होतं आपण रडू, नाहीतर ओरडू. तसलं काही झालं नाही. फक्त डोकं स्वच्छ झालं. अठरा वर्षं आई पाणवठ्यावर शेवटी जाते. पल्लवीचा हात सोडवतात. आणि हा माणूस ते सगळं खेळण्यासारखं मांडून चहा पितो, आणि फांदी हुबेहूब आली नाही म्हणून तीनदा मोडायला लावतो.

साहेब एकदम पुढे वाकले. “ए, ओळीत चारच कसे? मी पाच म्हटलं होतं. आणि हा कडेला कोण?”

“दुरुस्त करते, साहेब,” आशा म्हणाली. “पाच भरते मी.”

६

पाचव्या माणसासाठीची मूठभर माती तिनं घरी नेऊन, पल्लवी झोपल्यावर चोरून भिजवली नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बंगल्याच्या ओट्यावर बसून भिजवली. जे करायचं ते उजेडात करायचं होतं.

पोट जरा सुटलेलं. डोक्याला राखाडी टोपी. डोळ्यांवर तारेचा चष्मा, केसाएवढा बारीक. आणि याला तिनं चेहरा दिला. सुईच्या टोकानं नाक, वरच्या ओठाखालची फट, हनुवटीवरची चामखीळसुद्धा. गणपतीचे डोळे उघडताना ती श्वास धरायची, तसाच आत्ताही धरला.

सलिमा डोकावली. “अगं, हे तर साहेब. हुबेहूब.” मग आशाकडे बघून, “तुझा चेहरा असा का झालाय?”

“कसा?”

“माझी सासू मेली तेव्हा माझा झाला होता तसा,” सलिमा म्हणाली, आणि पल्लवीला उचलून आत घेऊन गेली.

खोलीत मंगळू भरावाच्या कडेला होता तसाच होता. वर केलेला हात, रिकामा पंजा. आशानं त्याच्याकडे पाहिलं. “आबा,” ती हळूच म्हणाली, “समजलं मला.” मग ओळीतल्या त्या दोन पांढऱ्या ठशांवर तिनं साहेबांना उभं केलं. बोगद्याकडे पाठ करून. ताठ. चिकटवायला काहीच लावलं नाही. पाय टेकले तसे ते ठशांना आपणच धरले गेले. तिनं ओढून पाहिलं, तर रूळ उचलला गेला पण माणूस निघाला नाही.

७

चार वाजता साहेब फळीखालून वाकून आत गेले, खुर्चीत बसले, गाडी सोडली. मालगाडी पिंपळटेकहून निघाली, बाजरीच्या शेताला वळसा घालून बोगद्यात शिरली.

बाहेर आली नाही.

साहेबांनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. बोगदा हातभर लांबीचा, पोत्यावर प्लास्टर मारून आशानंच केलेला. त्याच्या आतून घरघर येत होती. आधी मुंगीच्या चालीएवढी. मग दाराशी चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सलिमाच्या हातात कप वाजायला लागले.

“तोफा सुरू झाल्या वाटतं,” ती म्हणाली.

“आशा,” साहेब मागे न बघता म्हणाले, “रुळावर तो कोण उभा आहे?”

“तुम्हीच बघा, साहेब.”

ते उठले आणि पुलाकडे चालू लागले, त्याला उचलायला. खोलीत फरशी होती, पण पायाखाली खडी करकरत होती. खुर्चीपासून भिंत चार पावलांवर. साहेब चार पावलं चालले, दहा चालले, वीस चालले, आणि चालतच होते. त्यांची पाठ लहान होत गेली. आशा त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिला कळेना की आपण खोली बघतोय की तापलेल्या रुळांची सरळ रेघ. ऊन डोळ्यांत येत होतं, आणि खोलीला तर खिडकी उत्तरेची.

घरघर वाढत चालली. काचा, कप, भिंतीवरचं घड्याळ, सगळं एका सुरात.

“पाय निघत नाहीये,” खूप लांबून आवाज आला. “आशा, गाडी येतेय. झेंडी दाखव.”

“झेंडी कुठे आहे, साहेब?”

“दाखव गं, बाई.”

“त्या दिवशी कुठे होती?”

मग पातळ, रडका, पोरासारखा आवाज, “जीपमध्ये. माझ्या जीपमध्ये, सीटखाली. मी कोणाला उभंच केलं नव्हतं. पाचही जण कामाला लावले होते, उरकायचं होतं म्हणून. मंगळू प्यायला नव्हता. मी लिहून घेतलं तसं. झेंडी दाखव.”

सलिमाच्या हातून ट्रे निसटला. “या अल्ला,” ती म्हणाली. “काय म्हणाले हे? आशा, मी ऐकलं. ऐकलं मी.”

लाल फडकं आशाच्या हातात होतं. नुसता हात वर करायचा होता. भरावाच्या कडेला एक माणूस, टॉवेल बांधलेला, तिच्याकडे वळला होता. एवढ्या अंतरावरून चेहरा दिसत नाही. त्याचा हात आता खाली होता.

आशानं फडक्याची घडी केली. मग त्या घडीची घडी. आणि ती कमरेला खोचून टाकली.

गाडी बोगद्यातून बाहेर आली.

८

साहेब खुर्चीतच सापडले. डॉक्टरांनी मरणाचं कारण हृदय म्हणून लिहिलं. गुडघ्यांना आणि तळहातांना तांबडी माती का होती, याचा कागदात उल्लेख नव्हता. कागदावर काय येतं आणि काय नाही, हे आशाला लहानपणापासून माहीत होतं.

सलिमाभाभी तिच्यासोबत पेठपर्यंत गेली. गावातल्या म्हाताऱ्यांपुढे उभी राहून तिनं कुराणाची शपथ घेतली आणि ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. लंकाबाई, जिचे दोन मुलगे त्या पाचांत होते, ती उठली आणि तिनं स्वतःच्या हातानं रांगेतली जागा साफ केली. आशानं पदराखालून भरावाच्या कडेचा तो पेराएवढा मातीचा माणूस काढला आणि मंगळूच्या चिऱ्याखाली ठेवला. पल्लवीनं त्यावर फूल वाहिलं. परत येताना लंकाबाईनं पोरीचा हात धरला होता.

महिन्यानं अश्विन आला. सगळं विकायचं होतं, म्हणून काय कुठलं हे सांगायला त्यानं आशाला बोलावलं. पुलापाशी तो वाकला आणि हसला.

“बाबांनी स्वतःलाही गँगमध्ये घेतलं होतं वाटतं. टोपी बघा. चष्मासुद्धा.”

आशानं पाहिलं. पाच माणसं. पाचही रुळावर वाकलेली. तिनं टोपीवाल्याला ताठ उभं केलं होतं. आता त्याच्या हातात पहार होती.

“यांना वाकलेलं तुम्हीच केलंत?”

“पाचही वाकलेले हवेत, असं साहेबच म्हणाले होते.”

अश्विननं रुळावरचं इंजिन उचललं. ते चकचकीत नवं होतं. आशानं त्याला कधीच हात लावला नव्हता. फक्त पुढच्या बाजूला, खालच्या पट्टीवर, एक तांबूस डाग पसरला होता. त्यानं बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं.

“गंज फार सुंदर जमलाय. पण अजून ओला आहे का हा? कुणी रंगवलाय?”

पल्लवी दाराशी पोत्यावर बसली होती. आशानं आधी तिला आ करायला सांगितलं. तोंडात काही नव्हतं. मग कमरेचं लाल फडकं काढून तिनं अश्विनपुढे धरलं.

“मीच,” ती म्हणाली. “पुसून घ्या हात.”